कलकणू-प्रथिने व मानवी रोग

कलकणू-प्रथिने व मानवी रोग : कोशिकेतील (पेशीतील) दुहेरी पटलाने वेढलेल्या आणि अन्नघटकांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा उपलब्ध करून देणाऱ्या सूक्ष्म अंगकांना कलकणू किंवा मायटोकाँड्रिया म्हणतात, शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांना तंतुकणिका असेही म्हटलेले आढळते. मानवी कलकणूंत सु. १,१०० प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी एखादे सदोष असल्यास किंवा तयारच न झाल्यास ऊर्जानिर्मिती मंदावते आणि ऊर्जेची गरज मोठी असलेल्या मेंदू, स्नायू, हृदय, डोळा व कान या इंद्रियांवर प्रथम परिणाम होतो. लहान मुलांत हे रोग वाढ खुंटणे, मान न धरणे, आकडी, डोळ्यांच्या अनियमित हालचाली व रक्तातील लॅक्टिक अम्लाची वाढ या स्वरूपात दिसतात.

कलकणूंना स्वतःचे डीएनए असते. मानवातील त्याचा संपूर्ण क्रम १९८१ मध्ये उलगडण्यात आला. त्यात १६,५६९ क्षारक-जोड्या व ३७ जीन असून त्यांवरून केवळ १३ प्रथिने तयार होतात. बाकीची सर्व प्रथिने केंद्रकातील जीनांच्या सूचनेनुसार कलकणूंच्या बाहेर बनतात व पटलांतील विशिष्ट द्वारांमधून आत आणली जातात. श्वसनसाखळीतील पहिल्या जटिलाचे उदाहरण घेतल्यास, त्याच्या सु. ४५ घटकांपैकी ७ कलकणूंच्या डीएनएवरून व उरलेले केंद्रकातील जीनांवरून येतात. दुसरे जटिल तर सर्वस्वी केंद्रकाचेच आहे. कलकणूंचे डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळते. केंद्रकातील जीन मात्र आई व वडील या दोघांकडून येतात. कलकणूंचे रोग आईकडूनच येतात, हा प्रचलित समज त्यामुळे अर्धसत्य आहे. मूल आजारी पडले की सुनेला बोल लावण्याची रीत असलेल्या समाजात हे अर्धसत्य चांगलेच अपायकारक ठरते. वास्तविक बालवयातील बहुतेक कलकणू-रोगांचे मूळ केंद्रकातील जीनांत असते.

या रोगांची पहिली निश्चित नोंद स्वीडनमधील रोल्फ लुफ्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. अवटू ग्रंथीचे कार्य प्राकृत असूनही एका स्त्रीला अतिशय घाम येई व भरपूर खाऊनही ती कृश राही. तिच्या स्नायूंतील कलकणू ऊर्जा साठविण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने उधळीत होते. कलकणूंच्या डीएनएतील दोषांमुळे रोग होतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. मात्र प्रथिनांच्या अभ्यासाचे सामर्थ्य दिसून आले ते २००३ मध्ये. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या एका भागात, थोड्या फ्रेंच वसाहतकऱ्यांपासून वाढलेल्या लोकवस्तीत, ली रोगाचा (मेंदूचा ऱ्हास घडविणाऱ्या बालरोगाचा) एक प्रकार वारंवार आढळे. दोष दुसऱ्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात आहे एवढेच ठाऊक होते. भारतीय वंशाचे अमेरिकन वैद्यक वंशी मूठा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पट्ट्यातील जीनांची यादी कलकणूंत प्रत्यक्ष सापडणाऱ्या प्रथिनांच्या माहितीशी ताडून पाहिली आणि नेमका जीन शोधून काढला. याच गटाने २००८ मध्ये उंदरांच्या १४ ऊतकांवरून कलकणू-प्रथिनांची विस्तृत सूची सिद्ध केली.

मराठवाड्याच्या दृष्टीने क्वेबेकचे उदाहरण दूरचे नाही. तेलंगण व कर्नाटकास लागून असलेल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अनेक जातींमध्ये मामाची मुलगी करण्याची रीत रूढ आहे. काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही संमत असतो. मराठी समाजातील मामेबहिणीशी विवाहाच्या या चालीचा परामर्श इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात (१९५३) घेतला आहे. आते-मामे भावंडांना १/८ जीन समान पूर्वजांकडून आलेले असतात. एखाद्या सदोष अप्रभावी जीनाचे प्रमाण ५०० त एक धरल्यास, नात्याबाहेरील विवाहात रोगी मूल होण्याची शक्यता २,५०,००० त एक एवढी असते. आते-मामे भावंडांच्या विवाहात ती सु. ७,८०० त एक होते. अशी बहुसंख्य जोडपी निरोगी मुलांचेच आईबाप होतात, हेही या आकड्यांवरूनच दिसते. परंतु दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी धोका चारांत एक असतो आणि त्यात आईचा व वडिलांचा वाटा अगदी सारखा असतो.

निदानासाठी रक्तातून काढलेले डीएनए दूर पाठविता येते. प्रथिनांची परीक्षा अवघड असते. स्नायूचा तुकडा काढताच गोठवावा लागतो व तो गोठलेल्या अवस्थेतच प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. त्यामुळे नांदेड (स्थापना १९८८) व लातूर (२००२) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी या परीक्षांसाठी मोठ्या शहरांकडेच पाहावे लागते. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या या भागाला हैदराबाद जवळचे. तेथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात (स्थापना १९७७) भारतीयांच्या कलकणू-डीएनएचा व तज्जन्य रोगांचा अभ्यास चालतो.

बहुतेक कलकणू-रोगांवर मूलगामी उपचार नाही. तथापि कोणते प्रथिन बिघडले हे कळल्यास काही रोग्यांत फरक पडतो. पहिल्या जटिलाच्या जुळणीस लागणाऱ्या एका प्रथिनाच्या दोषात रिबोफ्लाविन (ब२ जीवनसत्त्व), तर सहएंझाइम क्यू-१० च्या न्यूनतेत तेच द्रव्य उपयोगी पडते. उलट कलकणूंच्या डीएनएची प्रतिकृती करणारे एंझाइम सदोष असलेल्या मुलास आकडीवरील व्हॅल्प्रोएट हे नेहमीचे औषध दिल्यास यकृत निकामी होऊ शकते. सदोष जीन निश्चित झाल्यास पुढील गरोदरपणी गर्भाची परीक्षा करता येते. त्याच घरात पुन्हा नात्यात सोयरीक जुळत असल्यास वधूवरांनी वाहकत्वाची तपासणी आधीच करून घेणे इष्ट असते.