श्वाविध : कुत्रा आणि साळिंदर



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी पद्धत सोडून कुत्र्याच्या अंगात रुतलेल्या काट्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो गेटावर आमच्याकडे चालून आला.

१९९८ सालच्या उन्हाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यासमोर आमचे धरणे चालू होते. कारखान्याची मागली भिंत पारसिकच्या डोंगराला लागून. रखवालदाराचा मोत्या नावाचा कुत्रा रात्री आमच्यातच झोपे. एका रात्री दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून खुळखुळा वाजावा तसा आवाज आला आणि मोत्या धावत सुटला. परतला तो केकाटतच. तोंडात, गळ्याखाली आणि छातीत मिळून अकरा काटे होते. आमच्यातला एकजण म्हणाला, "साळिंदराचा काटा पोकळ असतो. मध्ये कापला की आतली हवा जाते आणि तो सैल पडतो." आम्हांस ते पटले. पक्कड आणविली आणि मोत्याचे डोके आम्ही स्वतः धरून ठेवले. काटे कापले, उपटले. काही तुटले ते आत राहिले. छातीतल्या काट्याचेही तसेच झाले. पाचव्या दिवशी मोत्या मेला. रखवालदार आम्हांस काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही जे वाचले आणि पशुवैद्यांकडून समजून घेतले, तेच आज मांडतो.

साळिंदर, सायाळ, साळू ही एकाच प्राण्याची नावे. उंदीर-खारीच्या कुळातला, म्हणजे कुरतडणारा प्राणी. पण वजन अकरा ते अठरा किलोपर्यंत. दिवसा बिळात, रात्री बाहेर. कंदमुळे, फळे, झाडांची साल हे त्याचे अन्न. शरीराला चुना मिळावा म्हणून ते हाडेही कुरतडते. त्याचा काटा म्हणजे निराळे काही नव्हे, आपल्या नखांचे जे द्रव्य तेच त्याचे. केसच जाड आणि टणक झालेला. मानेवरचे लांब काटे भेदरवण्यापुरते असतात. खरी जखम करतात ते पाठीवरचे आखूड, जाड काटे.

साळिंदर काटे बाणासारखे फेकते, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. ते आधी इशारा देते. काटे फुलवते, पाय आपटते, शेपटीच्या टोकाचे पोकळ काटे वाजवते. मोत्याच्या रात्री आम्ही ऐकलेला खुळखुळा तो हाच. इशारा देऊनही शत्रू हटला नाही, तर ते पाठ फिरवून उलट्या पावलांनी अंगावर येते. किंवा पळता पळता एकाएकी थांबते, आणि पाठलाग करणारा स्वतःच्या वेगानेच काट्यांवर आदळतो. काटे त्वचेत सैल बसलेले असल्यामुळे ते साळिंदराच्या अंगातून सुटतात आणि शत्रूच्या अंगात राहतात.

वाघासारखा वाघ यात फसतो. जिम कॉर्बेट यांनी मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत लिहिली आहे. साळिंदराशी गाठ पडून तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले. तिच्या नरभक्षक होण्याचे मूळ तेथे होते. मग गेटावरच्या मोत्याची काय कथा? पळणाऱ्याच्या मागे लागावे, तोंडाने धरावे, हा कुत्र्याचा स्वभावच. म्हणून काटे नाकात, जिभेत, डोळ्याजवळ, छातीत आणि पुढच्या पायांत शिरतात. वेदनेने तो शहाणा होईल अशीही आशा नको. चवताळून पुन्हा धावणारे कुत्रे थोडे नाहीत.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. संस्कृतात साळिंदराला 'श्वाविध' म्हणतात. श्वा म्हणजे कुत्रा. श्वाविध म्हणजे कुत्र्याला भोसकणारा. दुसरा शब्द 'शल्य'. शल्य म्हणजे शरीरात रुतलेली टोचरी वस्तू, आणि ती काढण्याची विद्या ते सुश्रुताचे शल्यतंत्र. रुतलेले कसे काढावे याला शास्त्र लागते, हे ज्या भाषेने केव्हाच सांगून ठेवले, ती बोलणाऱ्या आम्ही पक्कड हातात घेतली.

काटा कापल्याने सैल पडत नाही. उलट तो चिरतो, त्याचे तुकडे आत राहतात आणि धरायला टोक उरत नाही. अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्याला उलट्या दिशेचे सूक्ष्म दाते असतात. आपल्याकडच्याला तसे नसतात. पण आपला काटा लांब आणि ताठ, म्हणून जखम खोल. आत राहिलेला तुकडा पू धरतो, मांसातून सरकतो. छातीतला काटा फुप्फुसापर्यंत पोचू शकतो.

तेव्हा करायचे ते इतकेच. कुत्र्याला शांत ठेवावे, पंजाने तोंड घासू देऊ नये, आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. डोळा, गळा आणि छाती येथील काट्यांना हातही लावू नये. पशुवैद्य गुंगी देतो, काटा ज्या दिशेने शिरला त्याच रेषेत चिमट्याने सरळ ओढतो, जखम तपासतो, औषध देतो. आणखी एक : वेदनेत कुत्रा मालकालाही चावतो. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस घ्यावी. त्यात हयगय नको.

राहिला प्रश्न दोष कोणाचा. साळिंदर कोणावर चालून जात नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली. औद्योगिक वसाहत त्याआधीच येऊ लागली होती. पारसिक आणि खारघरच्या डोंगरांना रान होते, ते आपण पायथ्यापासून खाणींनी आणि इमारतींनी खात गेलो. मग भिंतीपलीकडे उष्टे टाकले. उष्ट्यापाशी कुत्री जमली आणि ज्या वाटेने साळिंदर रात्री उतरते त्याच वाटेवर ती बसली. भांडण त्यांचे दिसते, पण गाठ आपण घालून दिली. साळिंदराला मारणे हा त्यावर उपाय नव्हे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे.

उपाय साधा आहे. डोंगरालगत उष्टे टाकू नये. पाळलेला कुत्रा रात्री मोकळा सोडू नये. आणि ज्या कारखान्यात, ज्या सोसायटीत रखवालदाराचा कुत्रा रात्री सगळ्यांची राखण करतो, तेथे त्याच्या औषधाचा खर्च रखवालदाराच्या पगारातून न जाता वर्गणीतून जावा. १९९८ च्या त्या रात्री आमच्या डब्यात धरण्याची वर्गणी होती. पशुवैद्याला ती पुरली असती. आम्हांस तेवढे सुचले नाही, आपणांस सुचावे.