खाऱ्या विहिरीचे धडे

वऱ्हाडच्या मधून पूर्णा नदी वाहते. तिच्या उत्तरेस सातपुड्याचे गाविलगड डोंगर आहेत, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आहे आणि या दोहोंमध्ये काळ्याभोर जमिनीचे सपाट मैदान पसरले आहे. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर व भातकुली, अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा व बाळापूर आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व संग्रामपूर या तालुक्यांतील शेकडो गावे या मैदानात वसलेली आहेत. कपाशी, तूर, मूग, हरभरा अशी पिके देणारी ही जमीन कसदार म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु येथे विहीर खणली, तर पुष्कळ ठिकाणी पाणी खारे लागते. म्हणूनच या प्रदेशास लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात.

विहीर आहे, विहिरीत पाणी आहे आणि तरीही माणूस तहानलेला आहे! असे का व्हावे? मुलांनो, या एका साध्या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू लागलो, म्हणजे शाळेतील एकेक विषय आपण होऊन आपल्या मदतीला येतो.

प्रथम भूगोलाकडे वळू. येथून समुद्र चारशे किलोमीटरांहूनही दूर आहे. मग हे मीठ आले कोठून? पावसाचे पाणी डोंगरांवर पडते, तेव्हा ते खडकांना हळूहळू झिजवते. त्या खडकांतील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात विरघळतात. नद्या-नाल्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेला गाळ पूर्णेच्या खोऱ्यात साठला. काही ठिकाणी या गाळाचा थर शेकडो मीटर खोल आहे. तो चिकणमातीचा असल्यामुळे पाणी त्यातून फार मंद गतीने सरकते. त्यातच वैशाख-ज्येष्ठातले वऱ्हाडचे ऊन किती कडक, हे आपणांस सांगावयास नकोच. उन्हाने पाण्याची वाफ होते. क्षार मात्र मागे राहतात. पाणी येते, उडून जाते आणि क्षार साठत जातात. असे हे युगानुयुगे चालत आले आहे.

हे खरे की खोटे, ते तुम्ही घरीच पाहू शकता. एका पसरट ताटलीत खारे पाणी घालून ती उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर ताटलीत पांढरा थर दिसेल. माठाच्या बाहेरील अंगावर जी पांढरी पुटे चढतात, भिंतीला जो लोणा लागतो, तोही याच प्रकारचा असतो. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पाणी उकळले असता त्यातील रोगजंतू मरतात, परंतु क्षार जात नाहीत. उलट, काही पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेले पाणी थोडे अधिकच खारे होते. तुरटी फिरविल्याने गढूळपणा खाली बसतो, खारेपणा मात्र तसाच राहतो.

आता स्वयंपाकघरात डोकावू. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि कपड्यांना कितीही साबण चोळला, तरी फेस येत नाही. याला कारण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे होय. ते साबणाशी संयोग पावतात व त्याचा चिकट साका बनतो. ज्या पाण्यात असे घडते, त्याला शास्त्रात ‘कठीण पाणी’ म्हणतात. डाळीचे दाणेही याच क्षारांमुळे मऊ होण्यास वेळ लागतो. म्हणजे चुलीवरचे सरपण अधिक जळते आणि घरातील गृहिणीचे श्रम वाढतात.

शेतातही हीच अडचण आहे. काकडीच्या फोडींना मीठ लावले, की त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही कोशिंबीर करताना पाहिले असेल. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढून घेते. जमिनीत क्षार वाढले, म्हणजे पिकांच्या मुळांची अशीच स्थिती होते. भोवती ओलावा असूनही त्यांना पाणी शोषून घेणे जड जाते. शिवाय सोडियममुळे मातीचे कण विस्कळीत होतात; जमीन पाणी खाली जाऊ देत नाही आणि वाळली, की दगडासारखी कडक होते. म्हणून विहीर भरलेली असूनही येथील शेतकऱ्याला बहुधा पावसावर व जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक घ्यावे लागते. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात या जमिनींचा अभ्यास चालतो. त्या विद्यापीठाला वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव दिले आहे.

गणिताचेही येथे काम पडते. चांगल्या पिण्याच्या पाण्यात दर लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, असे भारतीय मानक सांगते. दुसरा मार्गच नसेल, तर २००० मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे. समजा, एका पाण्यात लिटरमागे २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम क्षार आहेत आणि एक माणूस रोज २ लिटर पाणी पितो. तर रोज ४ ग्रॅम आणि वर्षाच्या ३६५ दिवसांत १४६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड किलो क्षार त्याच्या पोटात जातील. कित्येक विहिरींचे पाणी तर याहूनही खारे असते. या पट्ट्यातील अनेक गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात, ही गोष्ट चिंतेची आहे.

आता दुसरे गणित पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. छप्पर २० चौरस मीटरांचे असेल आणि वर्षात ७५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १५,००० लिटर पाणी त्यावर पडेल. त्यातील १०,००० लिटर जरी झाकलेल्या स्वच्छ टाक्यात साठविले, तरी पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर लागणाऱ्या कुटुंबाला ते ४०० दिवस पुरेल! पावसाचे पाणी खारे नसते. जी विहीर तहान भागवू शकत नाही, तिच्याच शेजारचे छप्पर ती भागवू शकते, हे केवढे आश्चर्य! सातपुड्याच्या पायथ्याशी वान व शहानूर या नद्यांवर बांधलेल्या धरणांतूनही या भागातील पुष्कळ गावांना नळाने गोडे पाणी पुरविले जाते.

याच खाऱ्या विहिरींनी एकदा इतिहासही पाहिला. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या समुद्रकिनारी मीठ उचलून इंग्रजांचा अन्यायी कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र कोठे? परंतु अकोला जिल्ह्यात दहिहांडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. त्याच महिन्यात वऱ्हाडातील सत्याग्रही तेथे जमले आणि त्यांनी त्या पाण्यापासून मीठ तयार केले. जे पाणी पिण्याच्या उपयोगी नव्हते, ते स्वातंत्र्याच्या उपयोगी पडले.

शेवटी आपल्या मायबोलीचे ऐका. ज्या पाण्यात क्षार अल्प, त्याला आपण ‘गोडे पाणी’ म्हणतो. वास्तविक त्यात साखरेचा कणही नसतो. संस्कृतात तर पाण्याला ‘जीवन’ असेच नाव आहे. ज्यांनी ही नावे ठेविली, त्यांना पाण्याचे मोल पुरते ठाऊक असले पाहिजे. तहानलेल्याला पाणी द्यावे, असे याच भूमीत जन्मलेले संत गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले. आज तहानलेल्याला पाणी द्यावयाचे, तर मनात दया हवी आणि तिच्या जोडीला ज्ञानही हवे. पाणी कोठून येते, त्यात काय विरघळते, ते किती साठते, हे ज्याला कळले, तोच आपल्या गावाची तहान भागविण्याचा मार्ग शोधील.