खुडलेली कोथिंबीर, मेथी व परसांतील इतर सुवासिक पाला

माघांत कोथिंबिरीची जुडी बाजारांत मातीमोल होते आणि वैशाखांत तिच्याच चार काड्यांसाठीं पदरचे पैसे मोजावे लागतात, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. ह्यांत कांहीं दोष ऋतूचा आहे. उन्हाच्या तापानें हें पीक लवकर फुलावर येतें व पाला थोडा मिळतो. परंतु पिकविणाऱ्याच्याच घरांत निम्मी जुडी पिवळी पडून उकिरड्यावर जाते, हा दोष ऋतूवर घालतां येणार नाहीं. म्हणून खुडल्यापासून ताटांत पडेपर्यंत ह्या पाल्याची निगा कशी राखावी, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, खुडलेलें पान मेलेलें नसतें. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. जुड्यांच्या ढिगांत हात घातला असतां आंत जी ऊब लागते ती त्याचीच होय. पानांतून वाफहि जात असते, मात्र मुळांकडून येणारा पाण्याचा पुरवठा तुटलेला असतो. आंतलें पाणी गेलें कीं पान कोमेजतें. उलट, बाहेर पाणी साचून राहिलें कीं बुरशी व जंतु त्यास सडवितात. सांठवणीची सारी युक्ति ह्या दोहोंच्या मध्यें आहे.

ह्यास्तव खुडणी ऊन चढण्यापूर्वीं करावी, कारण त्या वेळीं पान पाण्यानें भरलेलें असतें. घरीं आल्याबरोबर जुडी सोडून पिवळीं व चिरडलेलीं पानें वेचून काढावीं. एक सडकें पान शेजारच्या दहांस बिघडवितें. पुष्कळ घरीं जुडी आणतांच धुवून तशीच ओली पिशवींत कोंबतात, ही आमच्या मतें सर्वांत मोठी चूक होय. धुणें तें वापरण्याच्या आधीं धुवावें. मातीमुळें आधींच धुणें भाग पडलें, तर फडक्यावर पसरून पाणी पुरतें निथळूं द्यावें. मग सुती फडक्यांत सैल गुंडाळून झांकणाच्या डब्यांत घालून फ्रीजमध्यें ठेवावी. आठ दिवस सहज निघतात. मुळांसकट जुडी असल्यास तांब्यांत दोन बोटें पाणी घालून तींत उभी करावी व पाणी रोज बदलावें.

वीज भरंवशाची नसेल तेथें दुहेरी मडक्याचा उपयोग करावा. मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी व वर ओलें फडकें झांकावें. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून जो शीतकक्ष तयार केला, त्याचें तत्त्व हेंच. देशावरील कोरड्या हवेंत हा उपाय चांगला लागू पडतो. कोंकणांत पावसाळ्यांत त्यापासून फारशी आशा धरूं नये. ह्या पाल्याजवळ पिकलेलीं केळीं अगर आंबे मात्र ठेवूं नयेत. अढींत आंबा पिकविणारा जो वायु, तोच पानांस पिवळें करतो.

वाळवून ठेवण्याचा मार्ग कोणासहि सुचतो. परंतु वाळवण सर्व पाल्यांस सारखें मानवत नाहीं. एके वर्षीं भाव गेला म्हणून न विकलेल्या वाफ्यांतील कोथिंबीर आम्हीं गच्चीवर कडक उन्हांत वाळवून डबे भरले. ज्येष्ठांत डबा उघडून पाहतों तों आंत वाळक्या गवताच्या चवीचा चुरा! कोथिंबिरीच्या पानांतील सुवासिक द्रव्यें फार लवकर उडून जाणारीं असल्यानें पाण्याबरोबर तींहि निघून जातात. (धन्याचा वास निराळ्या द्रव्याचा असल्यानें तो वाळल्यावरहि टिकतो.) मेथीची गोष्ट उलट आहे. तिचा वास वाळल्यानें जात नाहीं, किंबहुना अधिक घट्ट होतो, आणि पुदिनाहि बऱ्यापैकीं टिकतो. बाजारांत मिळणारी कसुरी मेथी ही आपल्या मेथीहून निराळी, बारीक पानांची जात असून राजस्थानांत नागौरकडे ती होते. पण घरची मेथी वाळवून घेतल्यास आमटी-भाजीचें काम अडत नाहीं.

मेथीचीं पानें देंठांवरून खुडून, धुवून, निथळून सावलींत वारा खेळेल अशा ठिकाणीं कापडावर पातळ पसरावीं. प्रखर उन्हानें हिरवा रंग जातोच, शिवाय ज्यापासून शरीरांत 'अ' जीवनसत्त्व बनतें तें कॅरोटीनहि कमी होतें. पान चिमटींत कुरकुरून मोडूं लागलें म्हणजे घट्ट झांकणाच्या बरणींत भरावें. पानांत शंभरांस सुमारें ८५ भाग पाणी असतें. तेव्हां १० किलो पानांचें जेमतेम दीड किलो वाळवण होतें, हें पाहून कोणीं हिरमुसूं नये. वापरतांना तव्यावर किंचित् शेकून, हातावर चुरून, भाजी उतरवितांना घालावें.

कढीलिंबाचें तेलद्रव्य स्निग्धांत विरघळतें, म्हणून तो फोडणींतच शोभतो. डहाळी पुसून कोरडी करावी व फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी. तेथून काढून सरळ फोडणींत टाकावी.

उरली कोथिंबीर. ती पुष्कळ असेल तेव्हां हिरव्या मिरच्या व मीठ घालून वाटावी. कोंवळे देंठ फेंकूं नयेत, पानांइतकाच वास त्यांत असतो. लिंबाच्या आंबटपणानें हिरवें द्रव्य पालटून चटणी शेवाळी रंगाची होते. म्हणून लगेच खावयाची असल्यास लिंबू वाढतेवेळीं पिळावें. ठेवावयाची असल्यास आधींच पिळावें व रंगाचा लोभ सोडावा, कारण आंबटपणा ती टिकविण्यास साह्य करतो. अशी चटणी बर्फाच्या सांच्यांत गोठवून ठेवल्यास उन्हाळ्यांत वडी-वडी करून वापरतां येते. मात्र लसूण घालून वाटलेली चटणी वर तेलाचा थर ओतून फडताळांत महिना महिना ठेवण्याची जी चाल कांहीं घरांत पडली आहे, ती आम्हांस धोक्याची वाटते. तेलाखालीं हवा पोंचत नाहीं, आणि अशाच निर्वात ओल्या जागीं एक प्राणघातक विष निर्माण करणारे जंतु वाढूं शकतात. त्या विषाचा वास येतोच असें नाहीं. अशी चटणी फ्रीजमध्येंच ठेवून चार दिवसांत संपवावी.