साथ येण्याआधी औषध हवे!

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या कोल्हारसारख्या गावांतले गोरगरीब रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन वणवण फिरत होते. खासदारांनी दिल्लीहून विमानाने आणलेल्या इंजेक्शनांचा वाद औरंगाबाद खंडपीठात गेला.

मुळात हे औषध कोविडचे नव्हेच! विषाणू ज्या विकराने आपल्या प्रती काढतो, त्यालाच ते अडवते; म्हणून आधी इबोलावरही त्याची चाचणी झाली होती. अनेक विषाणूंवर चालतील अशी औषधे साथ नसतानाच तपासून ठेवावी लागतात. पण रोगी नाही तर गिऱ्हाईक नाही; कंपनी पैसा कशाला घालील?

म्हणून हे संशोधन सरकारी पैशातून व्हावे, असे आम्ही म्हणतो. शिवाय पेटंट कायद्याचे कलम ९२ आणीबाणीत सक्तीचा परवाना देऊ देते. केंद्राने कोविडमध्ये ते वापरलेच नाही. २०१२ साली नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला, तेव्हा महिना २,८०,००० रुपयांचे कॅन्सरचे औषध ८,८८० वर आले होते!