घरगुती भेट-केंद्राची नादुरुस्ती

निन्टेन्डो कंपनीच्या 2011 सालच्या थ्रीडीएस या हातातल्या खेळयंत्रात अशी तजवीज होती की, मिटलेल्या अवस्थेतही दोन यंत्रे जवळून गेली असता खेळाडूंची माहिती परस्पर बदलून घेत. परंतु अंबाजोगाई वा परळीच्या बाजारात दुसरा यंत्रधारी गाठ पडणे दुर्मीळच, आणि अशाच अडचणीवर जगभरच्या हौशी मंडळींनी घरच्या राउटरला, अशी माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचविणाऱ्या कंपनीच्या सार्वजनिक वाय-फाय केंद्राचे नाव व पत्ता देऊन दूरस्थ भेटी घडविण्याची युक्ती काढली. भेटी थांबल्यास प्रथम राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर आहे ना, हे पाहावे लागे. 5 गिगाहर्ट्झ या यंत्रास दिसतच नाही. तथापि ज्या सर्व्हरवर हा कारभार चाले, तोच कंपनीने बंद केल्यावर (एप्रिल 2024 मध्ये तर ऑनलाइन खेळही बरखास्त झाला) राउटरशी झटापट व्यर्थ होय. समोरासमोरच्या भेटी सर्व्हरविना आजही होतात. मात्र दोन्ही यंत्रांत एकाच खेळाची नोंद हवी.