क्लॅट पुन्हा द्यायची? आधी जुना पेपर उघडा

गेल्या जानेवारीत सोलापूरहून एक वडील आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावीला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी दिलेल्या क्लॅटचा निकाल मनासारखा लागला नव्हता. वडिलांनी वहीच्या एका पानावर वर्षभराच्या क्लासची फी, पुण्यातली खोली, मेस असा सगळा हिशेब मांडून आणला होता. त्यांचा प्रश्न एकच होता : "सर, हिला ड्रॉप घेऊ द्यावा का?"

मी मुलीला विचारलं, "पेपर आणलास का?" तिनं आणला नव्हता. निकाल लागल्यापासून तो उघडलाच नव्हता, असं ती हळू आवाजात म्हणाली.

दरवर्षी असंच होतं. एका वर्षाचा आणि लाखभर रुपयांचा निर्णय निकालाच्या दुःखात, शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर किंवा क्लासच्या जाहिरातीवर घेतला जातो. त्याचं उत्तर ज्यात असतं, तो पेपर मात्र कपाटात पडून राहतो. म्हणून या विषयावरचे नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतातच.

वस्तुस्थिती : गुण नुसत्या वर्षाने वाढत नाहीत, चूक सुधारली तर वाढतात. त्यासाठी ती चूक नेमकी कोणती हे आधी कळायला हवं.

क्लॅटच्या पदवीस्तरावरच्या पेपरात 120 प्रश्न आणि 120 मिनिटं असतात. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे एक चुकलेलं उत्तर बरोबर आलं की नुसता एक नाही, सव्वा गुण वाढतो.

सोलापूरच्या त्या मुलीला मी पेपर आणि उत्तरसूची घेऊन पुन्हा बोलावलं. तिनं 112 प्रश्न सोडवले होते. 76 बरोबर, 36 चूक. गुण झाले 67. आम्ही त्या 36 चुकांचे तीन गट पाडले. तेरा प्रश्न चालू घडामोडींचे होते. ती माहितीच तिच्याकडे नव्हती. नऊ प्रश्न शेवटच्या काही मिनिटांत न वाचताच ठोकले होते. उरलेले चौदा बहुतेक कायदेविषयक तर्काचे होते, आणि तिथे वेळही होता, उताराही समजला होता. तरीही उत्तर चुकलं.

ते का चुकलं, हे एका उदाहरणावरून कळेल. या विभागात कायदा पाठ असण्याची गरज नसते. उताऱ्यातच नियम दिलेला असतो आणि तोच समोरच्या प्रसंगाला लावायचा असतो. समजा उताऱ्यात म्हटलं आहे की अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीनं केलेला करार मुळातच निरर्थक असतो. प्रसंग असा, की सतरा वर्षांच्या मुलानं दुकानदाराकडून उधारीवर मोटारसायकल घेतली आणि पैसे बुडवले. आपलं मन म्हणतं, मुलानं फसवलं, पैसे द्यायलाच हवेत. पण दिलेला नियम लावला तर करारच उभा राहत नाही. मुलगी प्रत्येक वेळी न्याय काय असावा ते निवडत होती. विचारलं मात्र होतं नियमानुसार काय होतं ते.

ही सवय दोन-तीन महिन्यांच्या सरावानं सुटते. ते चौदाही प्रश्न बरोबर आले असते तर साडेसतरा गुण वाढले असते. तिच्या बाबतीत पुन्हा परीक्षा देण्याला कारण होतं, आणि त्या कारणावर बोट ठेवता येत होतं. "या वेळी आणखी मेहनत करीन" एवढंच सांगता येत असेल, तर निर्णयाची वेळ अजून आलेली नाही.

गैरसमज २ : पुन्हा परीक्षा दिल्याची नोंद राहते आणि विद्यापीठं कमी लेखतात.

वस्तुस्थिती : क्लॅट कितीही वेळा देता येते. गुणवत्ता यादी फक्त त्या वर्षीच्या गुणांवर लागते. मागच्या वर्षीचे गुण त्यात मोजले जात नाहीत आणि बारावीचे टक्केही मिळवले जात नाहीत. बारावीला खुल्या गटासाठी किमान 45 टक्क्यांची अट आहे, तेवढी पूर्ण झाली की पुरे. कमाल वयाची अटही नाही. उलट दोघांचे गुण सारखे असले, तर आधी कायदेविषयक तर्काचे गुण पाहतात आणि तेही सारखे निघाले तर वयानं मोठा असलेला वर लागतो.

ही भीती बऱ्याचदा अमेरिकेतल्या एलसॅट या विधी प्रवेशपरीक्षेबद्दलच्या ऐकीव माहितीतून येते. तिथे ती परीक्षा किती वेळा द्यायची याला मर्यादा आहे आणि अर्ज केलेल्या विद्यापीठाला आधीचे गुणही दिसतात. तो नियम इथे लागू नाही.

गैरसमज ३ : मागच्या वर्षीच्या कट-ऑफला पाचच गुण कमी पडले, म्हणजे पाचच वाढवायचे आहेत.

वस्तुस्थिती : पेपर दरवर्षी बदलतो. सोप्या पेपरात सगळ्यांचेच गुण वर जातात, अवघड पेपरात खाली येतात. 2024 च्या परीक्षेपासून तर प्रश्नच 150 वरून 120 झाले. त्याआधीच्या गुणांशी तुलना करण्यात अर्थ नाही. एखाद-दुसऱ्या प्रश्नाला किती किंमत असते पाहा : 2025 च्या प्रवेशासाठी झालेल्या परीक्षेच्या उत्तरसूचीतल्या चुकांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यादीच्या मधल्या भागात इतकी दाटी असते की एका गुणानंही क्रमांक बराच सरकतो.

तुलना करायची ती क्रमांकाची, आणि तीही आपल्या रकान्यातली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. डोमिसाइल असलेल्या मुलानं अखिल भारतीय यादीतला शेवटचा क्रमांक पाहून हताश होणं म्हणजे दुसऱ्याच्याच निकालावर रडण्यासारखं आहे. प्रवर्गाचा रकाना कोणता, जातवैधता आणि नॉन-क्रीमी लेयरची प्रमाणपत्रं मुदतीत आहेत का, हेही आत्ताच पाहून ठेवा.

गैरसमज ४ : ड्रॉप घेतला की हाताशी पूर्ण एक वर्ष असतं.

वस्तुस्थिती : पूर्वी क्लॅट उन्हाळ्यात होत असे. 2022 मध्ये ती जूनमध्ये झाली आणि पुढच्या प्रवेशासाठीची पुन्हा त्याच वर्षी 18 डिसेंबरला. त्यानंतर 3 डिसेंबर 2023, 1 डिसेंबर 2024 आणि 7 डिसेंबर 2025 अशा तारखा आल्या. आता कॅलेंडर समोर ठेवा. बारावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते. पुढच्या डिसेंबरपर्यंत उरतात साधारण साडेआठ महिने. राज्याची सीईटी आणि प्रवेशफेऱ्या यांत अडकून जुलैत निर्णय घेतला, तर जेमतेम पाच.

पाच महिने थोडे नाहीत, पण कशासाठी पुरतील हे चुकांच्या गटांवरून ठरतं. नियम लावण्याची चूक तेवढ्यात सुटते. वेळेचं गणितही भरपूर मॉक देऊन बसतं. पण ज्याचं इंग्रजी वाचनच अडखळतं, त्यानं आज सुरुवात करायला हवी. क्लॅट फक्त इंग्रजीत असते आणि गणिताच्या विभागासकट सगळे प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी एकच सांगतो : रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि तो काय म्हणतो ते तीन मराठी वाक्यांत लिहा. ज्या दिवशी ती तीन वाक्यं न अडखळता लिहाल, त्या दिवशी उतारा तुमचा झाला.

गैरसमज ५ : आता मिळेल तिथे प्रवेश घेऊ आणि पुढच्या वर्षी क्लॅट देऊन थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ.

वस्तुस्थिती : क्लॅटनं मिळतो तो पहिल्याच वर्षाचा प्रवेश. महाविद्यालयात नाव घालून पुन्हा परीक्षा देण्याचा मार्ग बरेच जण घेतात, आणि ज्यांना सगळं सोडून बसण्याची जोखीम परवडत नाही त्यांच्यासाठी तो शहाणपणाचाही आहे. पण यश मिळालं तर ते वर्ष मागे टाकूनच पुढे जावं लागतं. भरलेली फी परत मिळेल का, मूळ कागदपत्रं आणि टीसी किती दिवसांत मिळेल, हजेरीची अट किती कडक आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्या. पूर्ण ड्रॉप घेणाऱ्यांनी खंड पडल्याच्या प्रतिज्ञापत्राची तयारी ठेवावी.

गैरसमज ६ : क्लॅट बिघडली म्हणजे सीईटीही बिघडणार.

वस्तुस्थिती : राज्याच्या सीईटी सेलची विधी परीक्षा निराळ्या स्वभावाची आहे. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्न मराठीतही असतात. शिवाय ती क्लॅटनंतर काही महिन्यांनी होते. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय यांचे दरवाजे याच परीक्षेनं उघडतात. म्हणून डिसेंबरात क्लॅटचा निकाल लागला त्याच आठवड्यात ड्रॉपचा निर्णय घेऊ नका. हातात दुसरं काय येतं ते कळल्याशिवाय पहिलं सोडायचं की धरायचं हे ठरत नाही.

गैरसमज ७ : राष्ट्रीय विधी विद्यापीठ हुकलं म्हणजे वकिलीच हुकली.

वस्तुस्थिती : मोठ्या कॉर्पोरेट कायदासंस्था नोकरीसाठी आघाडीच्या विधी विद्यापीठांत थेट जातात, हे खरं आहे आणि ज्याला तेच काम करायचं आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. पण वकिली सुरू ठेवण्यासाठी बार कौन्सिलची परीक्षा सगळ्यांना सारखीच द्यावी लागते आणि कोर्टात न्यायाधीश महाविद्यालयाचं नाव विचारत नाहीत. शरद बोबडे नागपूरला शिकले, उदय लळित मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात, भूषण गवई अमरावतीला. तिघेही सरन्यायाधीश झाले. त्यांच्या शिक्षणाच्या काळात आजची विधी विद्यापीठं नव्हती, हेही सांगायला हवं. पण खालच्या कोर्टापासून वर जाण्याची ती वाट आजही बंद झालेली नाही.

शिवाय दार एकदाच उघडतं असंही नाही. एलएलबीनंतर त्याच विद्यापीठांत एलएलएमसाठी क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा आहे. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानंही 2022 पासून तो अभ्यासक्रम सुरू केला आहे, स्वतःच्या प्रवेशपरीक्षेनं.

मग ठरवायचं कसं? एका कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या चुका कोणत्या गटात जास्त आहेत? त्यासाठी मी रोज नेमकं काय वेगळं करणार? आणि नाहीच जमलं, तर पुढच्या जूनमध्ये मी कुठल्या महाविद्यालयात असेन? तिन्ही ओळी भरल्या तर पुन्हा परीक्षा जरूर द्या, मनात कसलाही न्यूनगंड न ठेवता. तिसरी ओळ कोरी राहिली तर महाविद्यालयात नाव घालून मग परीक्षा द्या. पहिलीच कोरी असेल तर आधी पेपर उघडा.

सोलापूरच्या मुलीनं त्या दिवशी कागदावर पहिल्या ओळीपुढे "मी नियम सोडून न्याय निवडते" असं लिहिलं. वडिलांनी ते वाक्य दोनदा वाचलं, खर्चाच्या हिशेबाचं पान मिटलं आणि तिला म्हणाले, "आता सीईटीचा फॉर्म भर. याचं उन्हाळ्यात बघू."