वेबसाइटचा हिशेब कुणाच्या वहीत?



अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखानदार असो नाहीतर चाटी गल्लीतला दुकानदार, उधारीची वही कुणी शेजाऱ्याकडे ठेवत नाही. पण वेबसाइटवर गिऱ्हाईक कुठून आलं, काय बघून गेलं, ही वही आपण बिनधास्त दुसऱ्याकडे ठेवतो.

त्यात अडचण काय? १ जुलै २०२३ पासून गुगलनं जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद करायला घेतलं. नव्या व्हर्जनमध्ये जुने आकडे आपोआप आले नाहीत आणि २०२४ मध्ये ते बघायची सोयही गेली. ज्यांनी उतरवून घेतले नव्हते, त्यांना नंतरची दिवाळी जुन्या दिवाळीशी ताडून बघता येईना. सेवा फुकट होती, पण वही आपली नव्हती.

म्हणून आपल्याच सर्व्हरवर बसणारं ॲनालिटिक्स. तीन नावं लक्षात ठेवा.

१. मॅटोमो: २००७ पासून आहे, आधीचं नाव पिविक. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. म्हणजे वर्डप्रेस चालणाऱ्या साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसतं. रिपोर्ट भरपूर, सुरुवातीला गोंधळायला होतं.

२. उमामी: हलकं, सगळे आकडे एका पानावर, कुकी नाही. पण नोड जेएस चालणारा सर्व्हर लागतो.

३. प्लॉझिबल कम्युनिटी एडिशन: बघायला सगळ्यात सोपं, कुकी नाही. मात्र डॉकर आणि दोन डेटाबेस लागतात. म्हणजे व्हीपीएस आलाच, आणि सांभाळणारा माणूसही.

मग घ्यायचं कुठलं? टूल आवडलं म्हणून होस्टिंग बदलू नका. आहे त्या होस्टिंगवर काय बसतं ते आधी बघा. साधं शेअर्ड होस्टिंग असेल तर मॅटोमो. व्हीपीएस आणि जाणकार माणूस असेल तर बाकीचे दोन.

मॅटोमो घेतलं तर एक सेटिंग विसरू नका. ते मुळात कुकी वापरतं, ती बंद करता येते. गावाचं नाव, पान आणि कुठून आला, एवढं आपल्याला पुरे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: संमती घेतली तरी सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्या.

आता खरं बोलतो. वही घरी आणली की राखणही आपलीच. महिन्यातून एकदा अपडेट, आठवड्याला बॅकअप, आणि बॅकअप दुसऱ्या जागी. हे करायला कुणी नसेल तर स्वतः बसवूच नका. या तिन्हींची पैसे देऊन घ्यायची तयार सेवा मिळते, ती घ्या आणि आकडे दर महिन्याला उतरवून ठेवा.

आजचं काम एकच: होस्टिंगवाल्याला फोन करा आणि विचारा, "आपल्या प्लॅनवर मॅटोमो चालेल का?" उत्तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!